घराला वाळवी लागली? इलाज लाकडावर नाही, जमिनीवर करा

दिवाळीची साफसफाई काढली, भिंतीला टेकलेली पेटी ओढली आणि पेटीचा तळ मातीने भरलेला. मुलीची मार्कशीट, जुनं खरेदीखत, पासबुक, सगळ्याची चाळण. वाळवीचा (काही भागात उधई म्हणतात) आवाज येत नाही, वासही येत नाही. ती दिसते तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. मग आपण माती खरवडतो, रॉकेल ओततो आणि पुढच्या पावसाळ्यात वाळवी परत त्याच जागी हजर होते.

असं का होतं, ते आधी समजून घेऊ. नाहीतर औषधाचे पैसे पाण्यात जातात.

वाळवी राहते कुठे?

तिला पांढरी मुंगी म्हणतात, पण ती मुंगी नाही. तिचं जवळचं नातं झुरळाशी आहे. घरांना त्रास देणारी वाळवी जमिनीत राहते. आपल्याला चौकटीत दिसतात त्या फक्त कामकरी. राणी, पिल्लं आणि बाकीची वसाहत मातीखाली असते. कामकरी वाळवीचं अंग मऊ असतं, उघड्या हवेत ती लवकर सुकून मरते. म्हणून ती भिंतीवरून मातीची बंद रेघ बांधत चढते. ही रेघ म्हणजे तिचा ओलावा टिकवणारा रस्ता.

भिंतीवरची रेघ पुसली तर रस्ता मोडतो, वसाहत तशीच राहते. चौकटीवर रॉकेल किंवा गाडीचं जळकं ऑइल लावलं तर तेवढ्या जागच्या मरतात, बाकीच्या बाजूने नवा रस्ता काढतात. शिवाय आगीचा धोका वेगळाच. म्हणून जमीन आणि घर यांच्यामधला रस्ता कायमचा बंद करणं, हाच खरा इलाज.

शेतातलं प्रत्येक वारूळ मात्र फोडू नका. वाळवी पालापाचोळा कुजवून माती करते. विदर्भात पावसाळ्यात मिळणाऱ्या सात्या वाळवीनेच वारुळात जोपासलेल्या बुरशीतून उगवतात.

ओळखायचं कसं?

- मातीच्या रेघेचा बोटभर तुकडा मोडा. दोन-तीन दिवसांत तो परत जोडला गेला, तर वाळवी चालू आहे.
- चौकट, दार, वासे पेचकसाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर आत खाल्लेलं आहे.
- पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पंखांचा खच पडला आणि किडे घरातल्याच फटीतून निघताना दिसले, तर वसाहत घराखाली किंवा अगदी जवळ आहे.
- लाकडाला बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल, तर तो लाकडातला भुंगा. त्याला जमिनीत औषध घालून उपयोग नाही.

‘सागाला वाळवी लागत नाही’ हे अर्धंच खरं. सागाचा पक्का गाभा टिकतो, पण बाहेरचा पांढुरका भाग वाळवी खाते. आंबा आणि साधं प्लायवूड तर लवकर जातं. सिमेंटचं घर म्हणूनही गाफील राहू नका. वाळवी सिमेंट खात नाही, पण फरशी आणि भिंतीमधल्या फटीतून, वायरिंगच्या पाइपातून, न्हाणीच्या ओलीतून वर येते.

आधी बिनपैशाची कामं

सरपण, तुराट्या, पऱ्हाट्या भिंतीला लावून रचू नका. न्हाणीचं आणि पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरू देऊ नका, गळका नळ दुरुस्त करा. घराभोवती पुरलेले खुंट, जुनी मुळं काढा. पेटी आणि धान्याची कोठी विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. महिन्यातून एकदा हलवून बघा.

राहत्या घराला औषध

भारतीय मानक आय.एस. ६३१३ च्या तिसऱ्या भागात याची पद्धत दिली आहे. फरशी आणि भिंत जिथे मिळते, त्या कडेने दर ३० सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण फुटाफुटावर, १२ मिलिमीटरचं भोक पाडून खालच्या मातीपर्यंत न्यायचं. त्यात औषधाचं पाणी जिरेल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर सोडायचं आणि भोक सिमेंटने बंद करायचं. घराबाहेर पायालगतच्या मातीतही औषध द्यावं लागतं. आत औषध दिलं आणि बाहेरची बाजू सोडली, तर काम अर्धवट राहतं.

प्रमाण असं:

- क्लोरपायरीफॉस २० टक्के: १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी.
- इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के: १ लिटर पाण्याला २.१ मिलिलिटर.

बाटलीवर इमारतीतल्या वाळवीसाठी वापर लिहिलेला आहे का, ते वाचून घ्या. टक्केवारी वेगळी असेल तर प्रमाणही बदलतं.

हिशोब पाहा. १० बाय १२ फुटांच्या खोलीचा घेर ४४ फूट. म्हणजे सुमारे ४४ भोकं आणि जास्तीत जास्त ४४ लिटर पाणी. त्यात क्लोरपायरीफॉस २.२ लिटर किंवा इमिडाक्लोप्रिड साधारण ९२ मिलिलिटर लागेल. कोणी एक पंप फवारून ‘अख्ख्या घराचं झालं’ म्हणाला, तर तुम्हीच समजून घ्या.

घरकुल बांधताय? मग हीच वेळ

बांधकामाआधी औषध देणं सोपं आणि स्वस्त. पायाच्या चरात, पायालगतच्या भरावात आणि जोत्यात माती ठोकून झाल्यावर, काँक्रीट टाकण्याआधी औषध द्यायचं. जोत्याच्या मातीवर दर चौरस मीटरला ५ लिटर. २५ चौरस मीटरच्या घरकुलाला फक्त जोत्यासाठी १२५ लिटर पाणी लागतं. त्यात क्लोरपायरीफॉस सव्वासहा लिटर किंवा इमिडाक्लोप्रिड सुमारे २६० मिलिलिटर. पावसात हे काम करू नका, आणि औषध दिलेली माती परत उकरू नका. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे भरावात गाडू नका. ती वाळवीला दिलेली मेजवानीच.

हे विष आहे, विसरू नका

विहीर, बोअर किंवा पिण्याच्या पाण्याची टाकी ज्या बाजूला लगत आहे, तिकडे औषध ओतू नका. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. लेकरं, गुरं, कोंबड्या, धान्य आणि भांडी आधी दूर न्या. काम झाल्यावर दारं-खिडक्या उघड्या ठेवा. रिकामी बाटली पाण्याला किंवा तेलाला वापरू नका.

क्लोरपायरीफॉसची बाधा झाली तर तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, उलटी होते, नजर अंधुक होते. अंगावरचे कपडे काढा, साबणाने धुवा, उलटी करायला लावू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. बाटली पाहून डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतो.

घरात जुनी गॅमेक्सिन पावडर पडून असेल तर ती वापरू नका. या बीएचसी पावडरीवर १९९७ पासून बंदी आहे.

काम दुसऱ्याला देताना

पेस्ट कंट्रोलच्या धंद्याला परवाना लागतो, तो पाहायला मागा. सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडायला आणि पाणी तुमच्यासमोर मिसळायला सांगा. भोकं मोजा. किती वर्षांची हमी आणि परत वाळवी आली तर काय, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी हमीला किंमत नाही.

कागद गेले असतील तर

खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून आणि मार्कशीटची दुसरी प्रत बोर्डाकडून मिळते. सातबारा ऑनलाइन निघतो. पण हेलपाटे चुकत नाहीत. त्यापेक्षा आज संध्याकाळी मोबाइलची बॅटरी लावून पेटीमागची भिंत बघा, आणि महत्त्वाच्या कागदांचे फोटो काढून ठेवा.