खांदा, कबर आणि अनंत जीवनाची आशा : मराठी ख्रिस्ती इतिहासातील मृत्युविचार

प्रस्तावना

मृत्यू हा कोणत्याही धर्मश्रद्धेच्या कसोटीचा क्षण होय. ख्रिस्ती धर्मात येशू ख्रिस्ताचे पुनरुत्थान हा श्रद्धेचा केंद्रबिंदू असून, ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यास मृत्यूनंतर अनंत जीवन लाभते ही त्या धर्माची मूलभूत शिकवण आहे. या शिकवणीचे धर्मशास्त्रीय विवेचन विपुल झाले आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या मराठी माणसाच्या दृष्टीने या आशेला एक अत्यंत व्यावहारिक बाजूही होती. आपल्या पार्थिवाला खांदा कोण देणार, आपल्या नावाने पाणी कोण सोडणार आणि मागे राहिलेल्यांचे काय होणार, हे प्रश्न त्याच्यासमोर उभे होते. प्रस्तुत लेखात नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई यांच्या जीवनातील मृत्युप्रसंगांच्या आधारे या बाजूचा विचार केला असून, त्या अनुषंगाने यवतमाळ जिल्ह्यातील ख्रिस्ती परंपरेकडेही लक्ष वेधले आहे. अनंत जीवनाच्या आशेने मराठी ख्रिस्ती माणसाचा शोक नाहीसा केला नाही, तर मृत्यूसंबंधीची जी कर्तव्ये पूर्वी कुळ आणि जात पार पाडीत असे, ती विश्वासणाऱ्यांच्या मंडळीकडे सोपवली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

धर्मांतर : जिवंतपणीचा मृत्यू

पारंपरिक हिंदू समाजव्यवस्थेत मृताची परलोकातील गती त्याच्या वंशजांवर अवलंबून असल्याचे मानले जाई. अंत्येष्टी, दहाव्याचे पिंडदान, वर्षश्राद्ध आणि पितृपक्षातील तर्पण या विधींची साखळी पुत्राकडून पार पडणे आवश्यक समजले जाई. धर्मांतराने ही साखळी दोन्ही बाजूंनी तुटत असे. धर्मांतरित पुत्र आईवडिलांचे श्राद्ध करू शकत नसे आणि त्याचे श्राद्ध करणारेही कोणी उरत नसे. पतित व्यक्तीला जिवंतपणीच मृत मानून तिच्या नावाने घट उलथण्याचा विधी धर्मशास्त्रात सांगितला आहे. आज विवाहविच्छेदासाठी वापरला जाणारा ‘घटस्फोट’ हा शब्द मुळात याच बहिष्काराचा वाचक होता.

या प्रश्नाची तीव्रता मुंबईत १८४३ मध्ये गाजलेल्या श्रीपत शेषाद्री प्रकरणावरून ध्यानात येते. मिशनऱ्यांच्या सहवासात राहिलेल्या एका ब्राह्मण मुलाला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून शहरात मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाने शुद्धीचा पक्ष घेतला असतानाही सनातनी मंडळींचा विरोध शमला नाही. पुढे १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क नष्ट होणार नाही असे ठरविले. या कायद्याला झालेल्या विरोधामागे, जो पिंड देऊ शकत नाही त्याने दाय का घ्यावा, हा युक्तिवाद होता. कायद्याने संपत्तीचा प्रश्न सोडविला. खांद्याचा प्रश्न मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

आशेची मराठी भाषा

अनंत जीवनाची कल्पना मराठीत प्रथम विस्ताराने मांडली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १६१६ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त ख्रिस्ताचा मृत्यू व पुनरुत्थान यांची कथा ओवीछंदात आली आहे. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनांनी बायबलच्या भाषांतरांतून ‘तारण’, ‘पुनरुत्थान’, ‘सार्वकालिक जीवन’ हे शब्द रूढ केले. मराठी ख्रिस्ती समाजात मृत व्यक्तीविषयी ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ असे म्हणण्याची पद्धत आहे. मृत्यूला निद्रा मानणारी ही कल्पना ‘सिमेट्री’ या शब्दाच्या मुळाशीही आहे, कारण त्याच्या मूळ ग्रीक रूपाचा अर्थ ‘झोपण्याची जागा’ असा होतो. झोपलेला मनुष्य जागा होतो, हा विश्वास त्यात गृहीत आहे.

या परंपरेत पंथभेदही आहे. कॅथलिक पंथीय मृतांसाठी प्रार्थना करतात आणि २ नोव्हेंबरला सर्व मृतांचे स्मरण करतात. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांत मृताच्या गतीसाठी प्रार्थना करीत नाहीत. तेथील स्मरणोपासना मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी असते. मृताची गती वंशजांच्या कर्मावर नव्हे, तर ईश्वराच्या कृपेवर अवलंबून आहे, ही भूमिका निपुत्रिक वा कुटुंबाने टाकलेल्या व्यक्तीसाठी किती दिलासादायक ठरली असेल, याची कल्पना करता येते.

नारायण वामन टिळक : दहनाची इच्छा

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. पती हयात असूनही हरवल्यासारखा झाला होता. १९०० मध्ये त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हा विरह, आप्तांचा आकांत आणि सोवळ्याओवळ्याची हळूहळू सुटत गेलेली बंधने यांचे चित्रण लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात विलक्षण मोकळेपणाने आले आहे.

तुकारामांच्या अभंगवाणीने आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचविले अशी टिळकांची धारणा होती. ‘अभंगांजली’त त्यांनी वारकरी परंपरेच्या भाषेत ख्रिस्तभक्ती गायिली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिवाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) नेण्यात आल्या.

या निर्णयाचे महत्त्व त्या काळाच्या संदर्भात पाहावयास हवे. रोमन कॅथलिक चर्चने दहनावरील बंदी १९६३ मध्ये शिथिल केली. टिळक प्रॉटेस्टंट असले, तरी त्या काळी दफन ही ख्रिस्तीपणाची दृश्य खूण मानली जात होती. देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्या व्यक्तीने देह अग्नीला अर्पण करण्यास सांगणे यातून दोन गोष्टी सूचित होतात. अनंत जीवन देह जतन करण्याच्या पद्धतीवर अवलंबून नाही, ही पहिली. आणि ख्रिस्ती होण्यासाठी मराठी माणसाने आपल्या मातीतील रीत टाकण्याचे कारण नाही, ही दुसरी. टिळकांच्या मागे लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेले. श्राद्धाच्या जागी काव्य आले, असे म्हटल्यास ती केवळ अलंकारिक उक्ती ठरणार नाही.

पंडिता रमाबाई : मृत्यूंच्या मालिकेतून

रमाबाईंचे जीवन म्हणजे आप्तांच्या मृत्यूंची मालिकाच होती. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि पाठोपाठ आई यांचे निधन झाले. आईच्या अंत्ययात्रेला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात. अखेर दोघा ब्राह्मणांना दया आली. त्यांच्या व भावाच्या जोडीने रमाबाईंना तिरडी वाहावी लागली आणि उंची कमी पडल्याने आपल्या बाजूचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. हा प्रसंग त्यांनी स्वतः नमूद केला आहे. धर्मांतरापूर्वी, स्वजातीतच, परक्या गावात आणि दारिद्र्यात आलेला हा अनुभव आहे, हे येथे विसरून चालणार नाही. खांदा नाकारला जाण्यास धर्मांतराचीच गरज होती असे नाही.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी मृत्यू पावले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवा, अनाथ आणि दुष्काळपीडित स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. ज्यांच्यामागे रडणारे कोणी उरले नव्हते, अशा स्त्रियांना येथे मंडळी लाभली.

२४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक कन्या आणि कार्याची भावी सूत्रधार मनोरमा निवर्तली. त्या वेळी रमाबाई बायबलच्या सुबोध मराठी भाषांतराचे काम करीत होत्या. कन्येच्या निधनानंतरही त्यांनी ते थांबविले नाही. मुद्रिते तपासून पूर्ण होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी प्रार्थना त्यांनी केल्याचे मिशनच्या परंपरेत सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आशेचे स्वरूप येथे निष्क्रिय प्रतीक्षेचे नाही, तर हातातील काम पुरे करण्याचे आहे.

यवतमाळचा संदर्भ

टिळक व रमाबाई यांचे मृत्यू नोंदले गेले, कारण ते लेखक होते, उच्चवर्णीय होते आणि त्यांना चरित्रकार लाभले. ग्रामीण महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाज मात्र मुख्यतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून घडला. गावची स्मशाने जातवार विभागलेली असताना ख्रिस्ती दफनभूमीत एका प्रार्थनेने सर्वांना निरोप मिळणे, हा त्यांच्यासाठी सामाजिक अनुभवही होता.

१९०५ पर्यंत ‘वून’ म्हणजे वणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट मिशनने काम केले. पांढरकवड्याजवळील उमरी येथील मिशन रुग्णालय ही त्याच कार्याची खूण होय. यवतमाळ शहरात १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्यास स्थलांतरित झाली. तीस वर्षे देशाच्या विविध भागांतील भावी पाळक या शहरात शिकले. मरणासन्न व्यक्तीजवळ बसणे, कबरीपाशी उपासना चालविणे आणि शोकाकुल घरास भेट देणे ही पाळकाची नित्यकर्तव्ये होत. या दृष्टीने जिल्ह्यातील चर्चमधील दफनाच्या नोंदवह्या आणि कबरींवरील मराठी मजकूर ही स्थानिक इतिहासाची मोलाची साधने ठरतात. ज्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत, त्यांचा मृत्युविचार तेथेच सापडू शकतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, मराठी ख्रिस्ती परंपरेत अनंत जीवनाची आशा ही केवळ परलोकाविषयीची कल्पना नव्हती. कुळाचा आधार तुटलेल्या माणसाला तिने गती नाकारली नाही. टिळकांना तिने दहनाची मोकळीक दिली आणि रमाबाईंना कन्यावियोगातही कामाशी बांधून ठेवले. शोक मात्र शोकच राहिला. ‘स्मृतिचित्रे’ आजही वाचली जातात, त्यांतील दुःखाला उपदेशाचे आवरण नाही हे त्याचे एक कारण आहे. श्रद्धेची कसोटी मरणाऱ्याच्या शेवटच्या शब्दांत शोधण्याची चरित्रकारांची प्रवृत्ती असते. इतिहासाच्या अभ्यासकाने ती तिरडी उचलणाऱ्या हातांत आणि मागे राहिलेल्यांसाठी उघडलेल्या दारांतही शोधली पाहिजे.