मुंबईचे रॉक आणि मराठी रंगभूमी: एक विसरलेला दुवा

मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या सत्तरच्या दशकातील बँडची एकच ध्वनिमुद्रिका निघाली, ‘ऑब्सेशन ७७’. २०११ साली अमेरिकेतील ‘नाऊ-अगेन’ कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा कुठे या बँडचे नाव पुन्हा चर्चेत आले.

चित्रपटगीतांवर चालणाऱ्या आपल्या ध्वनिमुद्रण व्यवसायात अशा बँडना जागा क्वचितच मिळे. अपवाद ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेचा. १९७० आणि १९७१च्या स्पर्धांतील गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. त्यांत मुंबईचा ‘वेल्व्हेट फॉग’ आहे.

या बँडमधून आणि ‘सॅव्हेजेस’मधून पुढे नंदू भेंडे गायले. आत्माराम आणि आशा भेंडे यांचे हे चिरंजीव. १९७४मध्ये अलेक पदमसी यांनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ रंगमंचावर आणले. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’चे गायक मधुकर चंद्र धस त्यात येशू झाले आणि भेंडे ज्यूडास. चारच वर्षांनी जब्बार पटेल दिग्दर्शित ‘तीन पैशाचा तमाशा’त भेंडे पु. लं.च्या मराठी शब्दांत गाऊ लागले. संगीताची बाजूही त्यांनी आनंद मोडकांसह सांभाळली. इंग्रजी रॉकमध्ये तयार झालेला गळा असा मराठी नाटकात आला.

म्हणून हा इतिहास केवळ तबकड्यांत शोधून भागणार नाही. नाटकांच्या जाहिराती, तालमींच्या आठवणी, घरोघरच्या जुन्या टेप याही तपासायला हव्यात. भेंडे २०१४मध्ये गेले. त्यांच्या सोबत्यांची पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे.