कन्सोल टेबल घेताय? आधी त्याची कड बघा

कन्सोल टेबल म्हणजे भिंतीला लागून ठेवायचं लांब, अरुंद टेबल. खोली साधारण 12 ते 15 इंच. पॅसेज 3 फुटांचाच असेल तर चालायला जेमतेम 2 फूट उरतात. तिथे ते न घेतलेलंच बरं.

खरा घोळ लाकडाचा. ‘इंजिनिअर्ड वुड’ म्हणजे बहुतेकदा एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड. दिसायला सागवानासारखं, किमतीला स्वस्त. पण पावसाळ्यात ओल्या छत्रीचं पाणी कडेतून मुरलं की बोर्ड फुगतो, आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. सागवान, शिसम घासून पुन्हा पॉलिश करता येतं.

ओळखायचं कसं? वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर लाकूड सॉलिड. कडेला पट्टी चिकटवलेली दिसली, तर सॉलिडचे पैसे मोजू नका.