सामायिक विज्ञान-डेटाचा खर्च कोणी उचलायचा? ॲटलासपासून क्लाउडपर्यंत

जनुकांचे आणि प्रथिनांचे क्रम आज तुम्ही महाविद्यालयाच्या संगणकावर विनामूल्य उतरवून घेता. ही सोय केवळ इंटरनेटमुळे झाली असे समजू नका. तिच्यामागे एक जुना वाद आहे.

१९६५ साली अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर ज्ञात असलेल्या ६५ प्रथिनांचे क्रम ‘ॲटलास ऑफ प्रोटीन सिक्वेन्स अँड स्ट्रक्चर’ या पुस्तकात छापले. हे क्रम नियतकालिकांत विखुरलेले होते. ते शोधायचे, पडताळायचे, पंचकार्डांवर उतरवायचे, चुका निस्तरायच्या, असे हे किचकट काम पुढे अनेक वर्षे चालले. प्रत्येक अमिनो आम्लाला एकच अक्षर देण्याची जी पद्धत तुम्ही शिकता, तीही डेहॉफ यांचीच.

त्यांची संस्था ना-नफा होती. पण ना-नफा म्हणजे बिनखर्ची नव्हे. अनुदान पुरेना, म्हणून ॲटलास विकत द्यावा लागे आणि पुढे संगणकीय संग्रहासाठीही शुल्क आकारले गेले. संशोधक नाराज झाले. क्रम आम्ही शोधायचे आणि ते आम्हालाच विकले जायचे, हे त्यांना पटेना. तक्रार रास्त होती. मात्र संग्रह सांभाळणाऱ्यांचा पगार कोठून यायचा, याचा विचार तक्रार करणाऱ्यांनी फारसा केला नाही, असे मला वाटते.

१९८२ मध्ये अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने सार्वजनिक डीएनए-संग्रहाचे कंत्राट दिले, तेव्हा डेहॉफ यांचा प्रस्ताव मागे पडला. काम मिळाले ते लॉस अलामॉसमधील वॉल्टर गोड यांच्या गटाला आणि एका संगणक कंपनीला. डेटावर मालकी न सांगता तो संगणकांच्या जाळ्यावरून सर्वांना देऊ, ही त्यांची जमेची बाजू होती. गंमत पाहा: जिथे अणुबॉम्ब गुप्तपणे तयार झाला, त्याच प्रयोगशाळेने खुलेपणाची बाजू घेतली! या संग्रहाचे नाव जेनबँक. पुढच्याच वर्षी डेहॉफ यांचे निधन झाले.

जेनबँकेचा खर्च सरकारने उचलला, तरी नियतकालिकांतून क्रम उतरवून घेणारे कर्मचारी मागे पडू लागले. मग शोधनिबंध छापण्याआधी क्रम जमा करण्याची अट नियतकालिकांनीच घातली. १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावरील बैठकीत मानवी जनुकसंच प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी नवे क्रम २४ तासांत खुले करण्याचे ठरवले.

पुढे डेटा इतका फुगला की तो उतरवून घेणेच अवघड झाले. डेटा असेल तिथेच गणन करायचे, हा क्लाउडचा उपाय. २००८ मध्ये सुरू झालेल्या ओपन क्लाउड कन्सॉर्टियमने ना-नफा तत्त्वावर संशोधकांसाठी अशी सोय उभारली. पैशाचा प्रश्न मात्र तसाच होता. २०११ मध्ये निधीअभावी क्रमांचा एक मोठा अमेरिकी सार्वजनिक संग्रह बंद करण्याची घोषणा झाली. नंतर तो कसाबसा वाचला.

आपल्याकडे फरिदाबादला २०२२ मध्ये भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झाले. सार्वजनिक निधीतून झालेल्या जैविक संशोधनाचा डेटा तिथे जमा होतो, आणि तो सांभाळण्याचा खर्चही सरकारच करते.