दोन बोटांचें अंतर

झाडावरून आंबा व आंब्याचें पान एकाच वेळीं सुटलें, तर आंबा धपकन् खालीं येतो आणि पान गिरक्या घेत मागाहून पोंचतें. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यानें अशाच अनुभवावर आपला सिद्धांत उभारला: वस्तु जितकी जड, तितकी तिची पडण्याची गति अधिक. मधूनमधून शंका निघाल्या, तरी सुमारें दोन सहस्र वर्षें या मताचाच पगडा राहिला.

इ. स. १६३८ मध्यें लायडेन येथें गॅलिलिओचा दोन नवीन शास्त्रांवरील संवादग्रंथ छापला गेला. नजरकैदेंत असलेल्या या वृद्धानें त्यांत हिशेब मांडला. ॲरिस्टॉटलच्या मतें शंभर रत्तलांचा गोळा शंभर हात उतरेल, तों एक रत्तलाचा गोळा एकच हात उतरावयास हवा. प्रत्यक्षांत मोठा गोळा दोनच बोटें पुढें असतो! हीं दोन बोटें गॅलिलिओनें लपविलीं नाहींत. तें अंतर हवेच्या अडथळ्यामुळें पडतें, असें त्यानें सांगितलें. मात्र त्या दोन बोटांआड नव्व्याण्णव हातांची चूक दडवूं नये, असेंहि बजावलें.

पडणाऱ्या वस्तूस वाटेंतील हवा दूर सारावी लागते. वेग वाढतो तसा हा विरोध वाढतो. तो वजनाइतका झाला कीं वेग वाढत नाहीं. हलकी व पसरट वस्तु ही मर्यादा लौकर गांठते. १७१९ मध्यें लंडनच्या सेंट पॉल मंदिराच्या घुमटांतून, २७२ फुटांवरून, डेसाग्युलिए यानें शिशाचे गोळे व डुकराच्या मूत्राशयाचे वाळविलेले फुगे सोडले. गोळ्यास सुमारें सव्वाचार सेकंद लागले, फुग्यांस १७ ते २२! न्यूटननें हीं मापें आपल्या ग्रंथांत नोंदविलीं.

हवाच नसेल तर? त्याच ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तींत न्यूटननें लिहिलें होतें कीं, बॉइलच्या निर्वात पात्रांत पीस व सोनें सारख्याच वेगानें पडतात. पुढें २ ऑगस्ट १९७१ रोजीं चंद्रावर डेव्हिड स्कॉट यानें हातोडा व ससाण्याचें पीस एकदम सोडलें. दोन्ही बरोबरच जमिनीस लागलीं.

पृथ्वीवर मात्र हा अडथळा मोठा उपकारक आहे. एक किलोमीटर उंचीवरून निघालेला पावसाचा थेंब, हवा नसती तर, ताशीं सुमारें ५०० किलोमीटर वेगानें अंगावर आदळला असता. हवेमुळें मोठा थेंबहि ताशीं तीसएक किलोमीटर वेगानेंच येतो, आणि त्यास अडविण्यास साधी छत्री पुरते.