दप्तरातली उमेदवारी

जुन्या कागदांच्या दप्तरखान्यात विद्यार्थ्याने काही आठवडे बसून काम शिकावे, याला आज इंटर्नशिप म्हणतात. मराठीत त्याचे जुने नाव उमेदवारी. निवडणुकीने हा शब्द पुरता बळकावला. एरवी उमेदवार म्हणजे कचेरीत बिनपगारी राबून, जाणत्या कारकुनाच्या हाताखाली अक्षर आणि हिशेब पक्के करणारा तरुण.

पेशवाईत पुण्याचे हुजूर दप्तर ही अशा कारकुनीची मोठी शाळाच होती. चालू हिशेबांचे चालते दप्तर आणि सगळ्या जमाखर्चाचा मेळ घालणारे एकबेरीज दप्तर, हे त्याचे दोन मुख्य विभाग. १८१८ नंतर हे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनामांच्या चौकशीसाठी त्यांचा उपयोग होता, म्हणून ते जपले गेले, आणि १८९१ साली पुण्यात त्यांच्यासाठी दगडी इमारत उभी राहिली. तेच आजचे पेशवे दप्तर. अभ्यासकांना मात्र त्याचे दार फार काळ बंदच राहिले.

त्यामुळे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगावचे वाडे आणि माळे धुंडाळत फिरले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी खं. चिं. मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. कागद मिळवणे, वाचणे आणि छापणे हे काम तिथे नवख्याला जुन्याजाणत्यांच्या शेजारी बसून शिकता येऊ लागले. पेशवे दप्तराचे दार पुढे उघडले आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले.

मंडळात अनेक पिढ्यांना कागद वाचायला शिकवणारे ग. ह. खरे हे पनवेलचे. जन्म १९०१. मोडी, फारसी, शिलालेख, ताम्रपट, नाणी, मूर्ती अशा सर्व प्रकारच्या साधनांत त्यांची गती होती. ‘संशोधकाचा मित्र’ हे त्यांचे पुस्तक या वाटेवर नव्याने पाऊल टाकणाऱ्यासाठीच लिहिलेले आहे. बाबासाहेब पुरंदरे तरुणपणी मंडळात आले ते खऱ्यांच्याच हाताखाली. पनवेलने इतिहासाला दिलेल्या माणसांत शिरढोणच्या क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. खऱ्यांचेही तितकेच ठाऊक असायला हवे.

दप्तरातले काम दिसायला साधे असते. कागद बांधलेल्या कापडी रुमालाची गाठ सोडायची, मऊ कुंचल्याने धूळ झाडायची, चुरगळलेला कागद हलक्या हाताने सपाट करायचा. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. टिपणे शिसपेन्सिलीनेच घ्यायची, कारण शाईचा एक थेंब दोनशे वर्षांचा कागद बिघडवतो. मग यादी करायची: कोणी, कोणाला, कुठून, कधी आणि कशाबद्दल लिहिले.

यातले ‘कधी’ सर्वांत अवघड. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि तारीख बहुधा सुहूर सनात असते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हा सन मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. हेच साल १७६० ला सुरू होऊन १७६१ त जाते. पानिपत त्यातच झाले. तारखेआधीचे ‘छ’ हे अक्षर चंद्राची, म्हणजे मुसलमानी महिन्यातल्या तिथीची खूण. एवढे कळले की अनोळखी कागद बोलू लागतो.

उदाहरणासाठी खऱ्यांच्याच पनवेलचे कागद घेतले, तर आणखी एक अडचण येते. १८८३ पर्यंत पनवेल ठाणे जिल्ह्यात होते. त्या साली ते कुलाबा जिल्ह्यात गेले आणि १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले. त्यामुळे जुने पनवेल १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये सापडते, कुलाब्याच्या नाही. बंदर आणि बोरघाटाकडे जाणारी वाट यांमुळे हे गाडीवानांचे गाव होते. गाड्यांची चाके बनवणे हा इथला नावाजलेला धंदा. इथली नगरपालिका १८५२ ची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक होती; २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. चाके करणारे सुतार, जकात, रस्ते, पाणी यांच्या नोंदी हा विद्यार्थ्याने हाती घ्यावा असा विषय आहे, कारण गावाचा रोजचा इतिहास अशाच कागदांत असतो.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर मुंबई विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक मिळतात. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे चार श्रेयांकांना १२० तास. एवढ्या वेळात मोडीवर हुकूमत येत नाही. दोनचार रुमालांची नीट यादी मात्र होते. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग चालतात. पनवेलचे कागद शोधायला निघालेल्या विद्यार्थ्याने आधी तो वर्ग करावा, आणि १८८३ पूर्वीचे काही हवे असेल तर पहिली चौकशी ठाणे जिल्ह्याच्या जुन्या दप्तरात करावी.