तापीकाठचे दोन उन्हाळे

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. महाराज सुरतेवर चालून गेले आणि परतले. सुरतेत जाऊन तिथेच राहिलेल्या मराठी माणसांचा एक इतिहास मात्र रेल्वेपासून सुरू होतो. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातील लोहमार्ग पुरा झाला आणि नंदुरबार, अमळनेर सुरतेला जोडले गेले. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत सुरतेत यंत्रमाग वाढले, पांडेसऱ्यात रंगाई-छपाईच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि खानदेशातली कुटुंबे उधना, लिंबायत, भेस्तान या भागांत स्थिरावली. बोचक्यांबरोबर ती उन्हाळ्याचे शहाणपणही घेऊन आली.

ते शहाणपण कोरड्या हवेतले होते. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो. तिथे माठातले पाणी गार होते, वाळ्याचा ओला पडदा खोली निववतो, डोक्यावरचा भिजवलेला पंचा सुखावतो. या साऱ्यांमागे तत्त्व एकच. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते. एक लिटर घाम अंगावर पुरता वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर पडते. धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती दिवसा ऊन अडवीत, आणि रात्री धाब्यावर अंथरूण टाकले की झोप लागे.

भेस्तान त्याच तापीच्या मुखाकडे, उधन्याच्या दक्षिणेस, खंबायतच्या आखाताच्या दमट वाऱ्याच्या टप्प्यात आहे. पारा खानदेशाहून खाली, पण हवा बाष्पाने भरलेली. इथे घाम वाळत नाही, नुसता गळतो. आणि गळून पडलेला घाम अंग निववीत नाही. माठही तितका गार होत नाही. बंद खोलीत कूलर लावला तर दमटपणा वाढतो. गुजरातीत या उकाड्याला 'बफारो' म्हणतात. मेमध्ये गावाकडून आलेले पाहुणे "३७ अंश म्हणजे काय ऊन!" असे म्हणतात खरे, पण हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर किनाऱ्यावर ३७ पासूनच.

म्हणून इथल्या बिऱ्हाडांनी नवे धडे घेतले. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे, वाहती हवा जपणे, जड काम पहाटे उरकणे. पन्ह्याच्या जोडीला शेजारणीचा 'बाफलो' आणि छास घरात आली. पदार्थ जवळपास तेच, नावे दुसरी.

कारखान्यात मात्र घरचे उपाय अपुरे पडत. रंगाईच्या खात्यात बॉयलरची वाफ बाहेरच्या दमटपणात भर घाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने खेळत्या हवेचे बंधन घातले होते. उन्हाळ्यात थंड पिण्याच्या पाण्याची सक्ती मात्र २५० हून अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच होती. छोट्या यंत्रमागांचे मांडव त्या आकड्याच्या बाहेर राहिले. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यानंतर, २०१३ मध्ये, त्या शहराने उष्णतेविरुद्ध कृती आराखडा आखला. ऊन हे नशीब मानून सोसायचे नसते, हे सरकारदरबारी मान्य व्हायला इतका काळ लागला.

गावाकडची एक समजूत मात्र इथे घातक ठरू शकते. "अंग कोरडे पडले तरच ऊन लागले" असे जुनी माणसे सांगत. दमट हवेत राबणाऱ्याला घामाने निथळत असतानाही उष्माघात होऊ शकतो. माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, तर घामाकडे पाहत बसू नये. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये आणि तातडीने दवाखाना गाठावा. तापीच्या वरच्या अंगाला शिकलेला हा एक धडा मुखाशी येऊन विसरावा लागतो. भेस्तानच्या मराठी घरांनी तो आपल्या मुलांना जरूर सांगावा.